एसीचा आकडा ठरवण्याआधी ऑफिसात एक फेरी मारा

प्रश्न थोडक्यात असा. लोअर परळच्या एका टॉवरमध्ये सव्वाशे माणसांचं ऑफिस, सेंट्रल एसी, थर्मोस्टॅट २२ अंशांवर. निम्मी माणसं शाल किंवा जॅकेट घेऊन बसतात, खिडकीजवळची माणसं उकडतंय म्हणून रोज तक्रार करतात, कुणीतरी एसीची हवा येणाऱ्या एका ग्रिलवर पुठ्ठा चिकटवलाय. प्रश्न विचारणाऱ्या बाई तिथलं ॲडमिन सांभाळतात. एकच तापमान ठरवून थर्मोस्टॅटला कुलूप लावा, असं त्यांना वरून सांगण्यात आलंय. तो आकडा कोणता असावा, असं त्या विचारताहेत.

कुलूप लावू नका, हे आधी सांगते. आकडाही देते, पण तो कुठून आला हे माहीत असल्याशिवाय तुम्हाला तो वरच्यांसमोर टिकवता येणार नाही. म्हणून सुरुवात दुसरीकडून करू.

दुपारी साडेतीनच्या सुमारास वही घेऊन मजल्यावर एक फेरी मारा. कुणाला काही विचारू नका, फक्त बघा. शाली कोणत्या खुर्च्यांवर आहेत, बाह्या कुणी दुमडल्यात, कुणाच्या टेबलावर छोटा यूएसबी पंखा आहे, कोणता पडदा सकाळपासून खालीच आहे, गरम पाण्याचा थर्मास कोण बाळगतं, पुठ्ठा नेमका कोणत्या ग्रिलवर आहे. बसण्याच्या जागांच्या नकाशावर हे सगळं मांडा. मुंबईतल्या ऑफिसांच्या वातानुकूलनाचं काम मी बरीच वर्षं करतेय, आणि तक्रारींच्या ई-मेलपेक्षा या एका कागदावरून मला जास्त कळतं. तक्रार करणारी माणसं मोजकीच असतात. बाकीची गुपचूप आपापली सोय लावून घेतात, आणि इमारतीत काय बिघडलंय ते त्या सोयींवरून दिसतं.

ब्रिटनमधले मायकेल हम्फ्रीज आणि फर्गस निकोल यांनी या विषयावर दीर्घकाळ काम केलं. त्यांचं म्हणणं साधं आहे: त्रास होईल असा बदल झाला की माणूस पुन्हा बरं वाटावं म्हणून काहीतरी करतोच. कपडे कमी-जास्त करतो, बसायची ढब बदलतो, चहा पितो, जागा सोडतो, खिडकी उघडतो. यातलं काहीच करता येण्यासारखं नसलं की मग तो चिडतो आणि तक्रार तुमच्याकडे येते. त्यामुळे तुमच्यासमोरचा खरा प्रश्न असा आहे: तुमच्या ऑफिसात माणसाला काय काय करता येतं?

डेन्मार्कच्या ओले फँगर यांनी १९७० साली माणसाच्या उष्णता-आरामाचं गणित मांडलं. त्यात सहा गोष्टी आहेत: हवेचं तापमान, भोवतालच्या काचा-भिंतींची उष्णता, हवेचा वेग, आर्द्रता, अंगावरचे कपडे आणि शरीर किती काम करतंय ते. थर्मोस्टॅटला यातली पहिलीच कळते, आणि तीही जिथे तो बसवलाय तिथलीच. फँगर यांच्याच गणितानुसार सगळं अगदी नेमकं जुळवलं तरी शंभरात पाच माणसं नाखूश राहतात. तुमच्याकडे म्हणजे सहा-सात. एक आकडा सगळ्यांवर बसवायला गेलं की या सहा-सात जणांना दाद मागायला जागाच उरत नाही.

आता कपड्यांकडे वळते, कारण तुमच्या ऑफिसातला निम्मा तंटा तिथेच आहे.

कपड्यांची ऊब मोजायला क्लो नावाचं एकक आहे. अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि पँट म्हणजे साधारण अर्धा क्लो, पूर्ण सूट म्हणजे एक क्लोच्या आसपास. ढोबळ हिशेब असा की बसून काम करणाऱ्याला ०.१ क्लोच्या फरकाने सुमारे ०.६ अंशांचा फरक पडतो. म्हणजे सूट घातलेल्या वरिष्ठांना जे २२ ला बरं वाटतं, ते शर्ट-पँटमधल्या माणसाला २५ ला वाटेल. मीटिंग रूम इतकी गार का असते, याचं उत्तर बऱ्याचदा टेबलाच्या शेंड्याला बसलेल्या माणसाच्या कोटात असतं. जपानने २००५ साली 'कूल बिझ' मोहीम काढली तेव्हा सरकारी कचेऱ्यांत उन्हाळ्यात २८ अंश ठेवायला सांगितलं, आणि त्याच्या जोडीला टाय-कोट काढायलाही सांगितलं. नुसतं तापमान वाढवलं असतं तर ते कुणीच ऐकलं नसतं. मुंबईत मे महिन्यात टायची सक्ती ठेवणाऱ्या ऑफिसला माझा पहिला सल्ला असतो तो एचआरच्या परिपत्रकाचा. एसी कंपनीला फोन त्यानंतर करायचा.

आपल्या कपड्यांत एक मोठा गुण आहे, तो कमी लेखू नका. पुतळ्याला साडी नेसवून प्रयोगशाळेत मोजमापं झाली आहेत. पदर कसा घेतला यावर साडीची ऊब बरीच बदलते, असं त्यात दिसलं. आपल्या बायका ते मोजमापाशिवाय करत आल्यात. गारठलं की पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घ्यायचा, उकडलं की कमरेला खोचायचा. ओढणीचंही तसंच. ब्लेझरला ही सोय नाही, गणवेशाला तर नाहीच. तुमच्या रिसेप्शनवरची मुलगी आणि दारावरचा सिक्युरिटी गार्ड ही दोन माणसं फेरीत मुद्दाम बघा. गार्ड दिवसभर पूर्ण गणवेशात दारात उभा असतो, दार उघडलं की बाहेरची वाफ, मिटलं की एसीचा झोत. त्याला जागाही बदलता येत नाही, कपडेही नाही. त्याच्यासाठी भिंतीवरचा पंखा लावा आणि उन्हाळ्यात सुती अर्ध्या बाह्यांचा गणवेश द्या. हे खर्चात नगण्य आहे, आणि ते न देणं मला अन्यायाचं वाटतं.

खुर्चीही अंगावरच्या कपड्यासारखी धरावी लागते. जाड गादीची, उंच पाठीची खुर्ची ०.१५ क्लोपर्यंत भर घालते, जाळीदार पाठीची जवळजवळ काहीच नाही. उकडणाऱ्याला जाळीची आणि गारठणाऱ्याला गादीची खुर्ची द्या. एक अंशाच्या आसपासचा फरक नुसत्या अदलाबदलीत मिळतो.

बायकांना जास्त थंडी वाजते, यावर ऑफिसात थट्टा चालते. ती बंद करण्याइतका भक्कम आधार आहे. आरामाच्या मानकांत शरीराच्या उष्णतेचा जो आकडा वापरतात, तो मुळात चाळिशीच्या, सत्तर किलोच्या पुरुषावर बेतलेला आहे. नेदरलँड्समधल्या बोरिस किंगमा आणि वाऊटर व्हान मार्केन लिख्टेनबेल्ट यांनी २०१५ साली दाखवून दिलं की टेबलावर बसून काम करणाऱ्या तरुण स्त्रियांचं शरीर त्या आकड्यापेक्षा बरीच कमी उष्णता तयार करतं. दुसऱ्या बाजूला पंचेचाळीस-पन्नाशीच्या स्त्रियांना रजोनिवृत्तीच्या काळात अचानक घाम फुटतो, आणि ती गोष्ट त्या सहसा बोलून दाखवत नाहीत. थर्मोस्टॅटने हे सुटत नाही. त्यांच्या हातात स्वतःचा पंखा असायला हवा, आणि तो का लागतो हे कुणी विचारता कामा नये.

सकाळची वेळ वेगळी काढून बघा. विरारहून किंवा बदलापूरहून उभ्याने आलेला माणूस प्रभादेवी नाहीतर लोअर परळ स्टेशनवरून चालत येतो, तेव्हा त्याचं शरीर बसलेल्या माणसाच्या दुप्पट उष्णता तयार करत असतं, शर्ट ओला असतो. आत शिरल्याशिरल्या गार झोत त्याला स्वर्गासारखा वाटतो. मग कुणीतरी आकडा १९ वर नेतो. अर्ध्या तासात शरीर थंडावतं, ओला शर्ट पाठीला चिकटून आणखी थंड करतो, आणि अकरा वाजता तोच माणूस जॅकेट शोधतो. तोवर आकडा वर करायचं कुणाच्या लक्षात राहिलेलं नसतं. आकडा खाली नेल्याने सेंट्रल एसीत खोली लवकर गार होत नाही, फक्त कूलिंग उशिरा थांबतं. उपाय असा: प्रवेशाजवळ किंवा पँट्रीत दोन जोरदार पंखे लावा आणि आल्यावर दहा-पंधरा मिनिटं तिथे थांबायची मुभा द्या. पावसाळ्यात तिथेच छत्र्या ठेवायला आणि चपला बदलायला जागा करा. ओल्या बुटांत दिवस काढणाऱ्याला २५ अंशही थंड वाटतात. टेबलाखाली सुकी चप्पल आणि मोज्यांचा जादा जोड ठेवणारी माणसं तुमच्याकडे नक्की असतील, त्यांचं बरोबर आहे.

चहाबद्दलही एक सांगायचंय. अकरा आणि चारला माणसं कटिंगसाठी खाली उतरतात, ते कामचुकारपणा म्हणून मोजू नका. गार मजल्यावर तासन्तास बसलेल्या शरीराला जिना, ऊन आणि गरम पेला यांची गरज असते. ज्या ऑफिसात एसी जास्त गार असतो तिथे खाली जाणारी माणसंही वाढतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

आता हवा. आपल्या हवामानात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय म्हणजे पंखा. अंगावरून सेकंदाला ०.८ मीटर वेगाने वारा गेला तर दोन-अडीच अंश कमी झाल्यासारखं वाटतं. जुना छताचा पंखा ७०-७५ वॅट घेतो, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा नवा पंखा ३०च्या आसपास. फोर्ट किंवा बॅलार्ड इस्टेटमधल्या जुन्या इमारती बघा: उंच छत, लांब दांड्यांचे पंखे, जाड भिंती, व्हरांडे, दुपारी पश्चिमेकडून येणारा खारा वारा. तिथला कारकून खिडकी उघडू शकायचा, टेबल पंख्याखाली सरकवू शकायचा. आपण फॉल्स सीलिंग लावलं, काचा बंद केल्या, आणि माणसाच्या हातातली ही सगळी साधनं एका फटक्यात काढून घेतली. तुमच्या टॉवरमध्ये छत खाली असेल आणि स्प्रिंकलर आडवे येत असतील तर छताचे पंखे बसणार नाहीत. मग भिंतीवरचे किंवा टेबलावरचे लावा. वारा चेहऱ्यावर किंवा बाजूने आला तर चालतो, मानेवर मागून आला तर चालत नाही. पुठ्ठा चिकटवणाऱ्यांची बहुधा हीच तक्रार असते.

त्या पुठ्ठ्याबद्दल. एक ग्रिल बंद केली की तिची हवा शेजारच्या ग्रिलमधून जोरात येते, आवाज वाढतो आणि त्रास दोन खुर्च्या पलीकडे सरकतो. मग तिथेही पुठ्ठा लागतो. पण पुठ्ठा काढून टाकायचा हुकूम देऊ नका. आधी मेंटेनन्सच्या माणसाला बोलावून त्या ग्रिलची पाती वळवून घ्या, हवेचं प्रमाण कमी करून घ्या, ते जमलं नाही तर खुर्ची हलवा. त्रास थांबला की पुठ्ठा आपोआप निघतो. टेबलाखालच्या हीटरला मात्र सरळ मनाई करा. तो आगीला आमंत्रण आहे, आणि त्याची उष्णता काढायला पुन्हा तुमचाच एसी राबतो. बाहेरची ताजी हवा आत घेणारा डँपर, म्हणजे झडप, कुणी गुपचूप बंद केलेला नाही ना, तेही बघून घ्या. थंडावा वाचतो म्हणून तो बंद करतात आणि दुपारी अख्खा मजला पेंगतो.

खिडकीकडच्या लोकांची तक्रार शंभर टक्के खरी आहे. पश्चिमेच्या काचेवर दुपारी ऊन आलं की काच तापते आणि तिच्याजवळच्या माणसाला हवा २२ असतानाही भाजल्यासारखं होतं. त्यासाठी सगळा मजला आणखी गार केला तर आतल्या बाजूची माणसं आणखी गारठतात. तुमच्या भांडणाचं मूळ मला इथेच दिसतं. आतला पडदा थोडी मदत करतो, पण ऊन काचेतून आत येऊन गेलेलं असतं, मग पडदाच तापतो. बाहेरून सावली देता आली तर उत्तम, भाड्याच्या जागेत ते सहसा जमत नाही. मग काचेला चांगली फिल्म लावा, टेबलं काचेपासून मीटरभर आत घ्या, आणि काचेच्या कडेला मीटिंगची किंवा छपाईची जागा करा, जिथे कुणी दिवसभर बसत नाही.

आर्द्रतेशिवाय मुंबईचं गणित पुरं होत नाही. पावसाळ्यात इथल्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे त्याहून गार असलेल्या पृष्ठभागाला बाहेरची हवा लागली की त्यावर पाणी धरतं. जुलैत तुमच्या काचा बाहेरून धुरकट दिसत असतील किंवा ग्रिलमधून थेंब टपकत असतील, तर ऑफिस गरजेपेक्षा गार झालंय हे समजा. हवेतलं पाणी काढण्यासाठी एसीच्या आतल्या गार नळ्यांवर, म्हणजे कॉइलवर, हवा १२-१३ अंशांपर्यंत गार करावी लागते. ती हवा नंतर किती सोडायची हे मजल्यावर किती माणसं असतील या अंदाजावर ठरलेलं असतं. आता घरून काम करण्यामुळे सोमवारी आणि शुक्रवारी निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात, तरी हवेचं किमान प्रमाण जुनंच असतं, म्हणून मजला गोठतो. इमारतीच्या प्लँट ऑपरेटरला दोनच प्रश्न विचारा: आमच्या मजल्याचं किमान हवेचं सेटिंग किती आहे, आणि थर्मोस्टॅटचा सेन्सर कुठे बसवलाय? सेन्सर फोटोकॉपी मशीनच्या डोक्यावर किंवा उन्हाच्या भिंतीवर असला तर पुढचं सगळं चुकतं. केबिनमध्ये स्प्लिट एसी असतील तर पावसाळ्यात २५-२६ ला ठेवून पंखा लावा. दमट वाटलं तर ड्राय मोड वापरा. जुन्या, इन्व्हर्टर नसलेल्या मशीनचा कॉम्प्रेसर थांबल्यावर ब्लोअर, म्हणजे एसीच्या आतला पंखा, फिरत राहिला तर कॉइलवरचं पाणी पुन्हा खोलीत जातं, म्हणून ब्लोअर 'ऑटो'वर हवा.

आता तुमचा आकडा. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात भारतीय ऑफिसांचा मोठा अभ्यास झाला. अहमदाबाद, बेंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि शिमला इथल्या इमारतींतून सहा हजारांहून जास्त उत्तरं गोळा केली आणि त्यातून भारतीय सवयींवर आधारलेलं सूत्र निघालं. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत ते घेतलं गेलंय. पूर्ण एसी इमारतीसाठी ते असं: बाहेरच्या सरासरी तापमानाला ०.०७८ ने गुणा आणि २३.२५ मिळवा. मुंबईत मेमध्ये दिवसरात्रीची सरासरी ३० धरली तर उत्तर २५.६ येतं. त्याच्या दोन्ही बाजूंना दीड अंशाची मुभा आहे, म्हणजे २४ ते २७. खिडक्या उघडता येणाऱ्या, पंख्यांवर चालणाऱ्या ऑफिसचं सूत्र वेगळं आहे आणि त्यात तीच ३० ची सरासरी धरून उत्तर २९ येतं. तीच माणसं, तेच शहर. फरक पडतो तो हातात काय आहे आणि अपेक्षा काय आहे यामुळे. रिचर्ड डी डिअर आणि गेल ब्रेगर यांनी १९९८ साली जगभरच्या इमारतींची माहिती एकत्र केली, तेव्हा एसी इमारतीतली माणसं तापमानाच्या बदलाला नैसर्गिक हवेच्या इमारतीतल्या माणसांपेक्षा सुमारे दुप्पट संवेदनशील दिसली. सतत २२ त राहिलेल्या माणसाला २५ उकडतं. शरीराला आणि मनाला दोघांना सवय लागते, आणि ती हळूहळू मोडावी लागते.

म्हणून २२ वरून एकदम २५ वर जाऊ नका. आधी पंखे लावा, खिडकीकडची टेबलं हलवा, पोशाखाचं परिपत्रक काढा. मग आठवड्याला अर्धा अंश वाढवा. दीड महिन्यात २५ वर पोहोचाल, आणि प्रत्येक टप्प्यावर नकाशावर शाली कमी होतात का ते दिसेल. वरच्यांना पटवताना विजेचं बोला. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या रूम एसींचं मूळ सेटिंग २४ अंश असणं सक्तीचं आहे, आणि एका अंशाला साधारण सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. तुमच्या सेंट्रल प्लँटचं प्रमाण वेगळं असेल, पण दिशा तीच.

भिंतीवर तारा न जोडलेला थर्मोस्टॅट लावून लोकांना बटणं दाबू द्यायची, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तो ऐकू नका. ताबा आहे असं वाटल्याने माणसं जास्त सहन करतात हे खरं आहे, पण ती फसवणूक आहे. एकदा उघड झाली की तुमच्या कोणत्याही सूचनेवर मजल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

आणि कुलपाचा आग्रह धरलाच गेला, तर व्यवस्थापनाला सांगा की एका आकड्याऐवजी मर्यादा बांधू. बहुतेक सेंट्रल सिस्टिममध्ये ऑपरेटर किमान आणि कमाल घालून देऊ शकतो. २४ च्या खाली आणि २७ च्या वर जाता येणार नाही, मधल्या तीन अंशांत मजल्यावरची माणसं आपसात ठरवतील. शक्य असेल तर पश्चिमेचा भाग आणि आतला भाग यांचे झोन वेगळे करून घ्या. त्या कामाचा खर्च इमारतीच्या मालकाशी भाडेकराराच्या नूतनीकरणाच्या वेळी बोलता येतो, त्याआधी सहसा नाही.